‘घाई झाली’ म्हणणारी आकडेवारी : एका पालकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचे पत्र दोनदा वाचले. घोडबंदर रस्त्यावरील तुमच्या मुलीच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलींसाठी एक व्याख्यान झाले. लहान वयात शरीरसंबंध आलेल्या बहुतेक मुलींना त्याचा आयुष्यभर पश्चात्ताप होतो, परदेशातील संशोधनाने हे सिद्ध झाले आहे, आणि म्हणून या विषयाला मुलांसमोर हात न घालणेच बरे, असे वक्त्याने सांगितले. त्यानंतर तुमच्या सोसायटीतील काही पालकांनी, पुढच्या महिन्यात होणारे किशोरवयीन आरोग्याचे सत्र रद्द करावे असा अर्ज शाळेला द्यायचे ठरवले आहे. असे संशोधन खरोखर आहे का, पंधरा वर्षांच्या मुलीशी काय बोलावे आणि त्या अर्जावर सही करावी का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. तुम्हाला सतरा वर्षांचा मुलगाही आहे, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत ओघाने आले आहे. त्याच्याविषयी प्रश्न मात्र एकही नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मी सामुदायिक वैद्यक शिकलेली डॉक्टर आहे आणि ठाणे व नवी मुंबईत किशोरवयीनांच्या आरोग्याचे काम गेली बावीस वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : संशोधन आहे, चांगले आहे, पण वक्त्याने त्यातले अर्धेच सांगितले. ‘किती जणांना पस्तावा झाला’ हे त्यांनी सांगितले आणि ‘कशाचा झाला’ हे गाळले. गाळलेला भाग ऐकला असता, तर न बोलण्याचा सल्ला त्यातून निघालाच नसता.

आधी आकडे पाहू. स्कॉटलंडमधील ७,३९५ शालेय विद्यार्थ्यांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांचे सरासरी वय चौदा वर्षे दोन महिने होते. संबंध आल्याचे १८ टक्के मुलांनी आणि सुमारे १५ टक्के मुलींनी सांगितले. त्यांपैकी ३२ टक्के मुलींना आणि २७ टक्के मुलांना ते फार लवकर झाले असे वाटत होते. ते घडायलाच नको होते, असे १३ टक्के मुली आणि ५ टक्के मुले म्हणाली. दोन्ही मिळून मुलींचे प्रमाण पंचेचाळीसच्या आसपास जाते. हा आकडा लहान नाही, पण त्याला ‘बहुतेक’ म्हणता येणार नाही.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा संशोधकांनी लहानपणापासून घेतला आणि एकविसाव्या वर्षी त्यांना याविषयी विचारले. आणखी थांबायला हवे होते, असे ५४ टक्के स्त्रियांना वाटत होते. पुरुषांत हेच प्रमाण १६ टक्के होते. सोळाव्या वर्षाच्या आत संबंध आलेल्या स्त्रियांत ते ७० टक्क्यांपर्यंत पोहोचले. वक्त्याचा ‘बहुतेक’ हा शब्द बहुधा इथून आला असावा, आणि इथे तो खरा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र याच अभ्यासात ७ टक्के स्त्रियांनी पहिला संबंध आपल्यावर जबरदस्तीने लादला गेल्याचे सांगितले होते. जे लादले गेले, त्याला ‘लवकर सुरुवात केली’ असे म्हणून त्या मुलीच्या पस्ताव्याच्या खात्यात टाकणे मला तरी मान्य नाही. तो गुन्हा आहे, आणि पस्तावायचे असेल तर ते करणाऱ्याने पस्तावावे.

तिसरी पाहणी ब्रिटनमधील, २०१० ते २०१२ या काळातील. सतरा ते चोवीस वयोगटातील सुमारे ४० टक्के तरुणींना आणि २६.५ टक्के तरुणांना आपला पहिला संबंध योग्य वेळी झाला नाही असे वाटत होते, आणि त्यांतील बहुसंख्यांचे म्हणणे ‘थांबायला हवे होते’ असेच होते. तीन पाहण्या, तीन काळ आणि वेगवेगळी वये असूनही चित्राची बाह्यरेषा सारखी आहे : मुलींत प्रमाण जास्त, वय कमी असेल तर आणखी जास्त, आणि मुलांतही ते दुर्लक्ष करण्याइतके कमी नाही. ‘आयुष्यभर’ हा शब्द मात्र या तिन्हींपैकी एकाही अभ्यासात सापडत नाही. चौदाव्या, एकविसाव्या किंवा फार तर चोविसाव्या वर्षी दिलेल्या उत्तराला आयुष्यभराचे उत्तर कसे म्हणायचे?

आता ज्या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, तो शब्दाचा. ब्रिटनमधील प्रश्नावलीत ‘तुम्हाला पश्चात्ताप झाला का’ असे विचारलेलेच नाही. आज मागे वळून पाहता आणखी थांबायला हवे होते असे वाटते, इतके थांबायला नको होते असे वाटते, की वेळ साधारण योग्य होती असे वाटते, एवढेच विचारलेले आहे. ‘वेळ जरा चुकली’ हे उत्तर आणि ‘मला पश्चात्ताप होतो’ हे उत्तर एकच नव्हे. काही वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या प्रश्नावलीचे मराठीकरण आम्ही करत होतो. पहिल्या मसुद्यात ‘पश्चात्ताप’ हा शब्द होता. तो वाचून कळव्याच्या गटातील एका मुलीने विचारले, ‘मॅडम, पश्चात्ताप पाप केल्यावर होतो ना?’ तिचे बरोबर होते. आपल्या भाषेत या शब्दामागून प्रायश्चित्त चालत येते, आणि जिला तो शब्द वाचायला दिला आहे तिने पाप केले आहे, हे प्रश्नातच ठरून जाते. मग आम्ही ‘पस्तावा’ घालून पाहिला. तो बोलण्यातला होता, पण त्यातही नुकसानीचा सूर होता. शेवटी ‘तेव्हा घाई झाली असे आता वाटते का?’ हे वाक्य ठरले, आणि त्या वाक्याला मुली जितक्या सहज उत्तरे देऊ लागल्या तितक्या आधी देत नव्हत्या. प्रश्नातला एक शब्द बदलला की टक्केवारी बदलते. म्हणून कोणी व्यासपीठावरून टक्केवारी सांगितली की मूळ प्रश्न काय होता, हे विचारण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी.

मुलामुलींच्या उत्तरांत एवढी तफावत का, याचाही विचार करायला हवा. त्यातला एक भाग प्रत्यक्ष अनुभवाचा आहे : मुलींवर दबाव अधिक येतो, गर्भधारणेची भीती त्यांच्याच वाट्याला येते. पण दुसरा भाग समाजाच्या नजरेचा आहे. ज्या गोष्टीसाठी मुलाच्या पाठीवर थाप पडते, त्याच गोष्टीसाठी मुलीला नावे ठेवली जातात. अशा ठिकाणी ‘थांबायला हवे होते’ हे मुलीचे उत्तर कधी मनातले असते, तर कधी तिच्याकडून अपेक्षित असलेले. न्यूझीलंडमधील पुरुषांचे १६ टक्के हेही पूर्ण सत्य असेल, असे मला वाटत नाही. ‘मलाही ते नको होते’ म्हणण्याची मुभा आपण मुलांना देतच नाही. याशिवाय उत्तर नेहमी नंतरचे असते. ज्या नात्याचा शेवट कडू झाला, त्याची सुरुवातही आठवणीत कडूच होऊन बसते. आणि ज्यांचे संबंध लवकर येतात, त्यांच्या आयुष्यात घरची ओढाताण, शाळा सुटणे, व्यसन अशा इतर गोष्टीही अधिक आढळतात. तेव्हा पुढे दिसणाऱ्या दुःखाचे कारण वय की ही परिस्थिती, हे एका वेळच्या पाहणीतून वेगळे काढता येत नाही.

एवढ्या सगळ्या शंका वजा केल्या, तरी काहीतरी ठोस शिल्लक राहते, आणि माझ्या मते या संशोधनाचा गाभा तोच आहे. स्कॉटलंडच्या पाहणीत पस्ताव्याशी सर्वांत जवळचा संबंध दिसला तो दबावाचा आणि पूर्वविचार नसण्याचा. ज्यांच्यावर जोडीदाराने दबाव आणला होता, ज्यांनी आधी काही ठरवलेच नव्हते, ‘होऊन गेले’ असे ज्यांचे वर्णन होते, त्यांना अधिक पस्तावा होता. ब्रिटनच्या संशोधकांनी तर निव्वळ वयावर बोट ठेवण्याचे सोडून चार प्रश्नांची एक कसोटीच वापरली : निर्णय स्वतःचा होता की मित्रांच्या नादाने वा नशेत झाला, दोघांचीही इच्छा सारखी होती का, गर्भनिरोधनाची काळजी घेतली होती का, आणि वेळ योग्य होती असे स्वतःला वाटते का. या चारपैकी एका तरी कसोटीला सतरा ते चोवीस वयोगटातील ५१.७ टक्के तरुणींचा आणि ४३.५ टक्के तरुणांचा पहिला अनुभव उतरला नाही. गर्भनिरोधनाच्या कसोटीत मात्र दहातले जवळजवळ नऊ जण उत्तीर्ण होते. मला या अभ्यासातील ही विसंगती सर्वांत बोलकी वाटते. साधन वापरायला त्या समाजाने मुलांना शिकवले. ‘मला हे हवे आहे का’ आणि ‘समोरच्याला हे हवे आहे का’ हे दोन प्रश्न विचारायला मात्र तितकेसे शिकवलेले दिसत नाही. दोघांची इच्छा सारखी नव्हती असे १७ टक्क्यांहून अधिक तरुणींनी आणि सुमारे १० टक्के तरुणांनी सांगितले.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की चारही उत्तरे बरोबर आली म्हणजे पंधराव्या वर्षी काही हरकत नाही. वय जितके कमी, तितकी ही चारही उत्तरे होकारार्थी येण्याची शक्यता कमी, हेही त्याच संशोधनात आहे. आपल्याकडे तर अठराच्या आत कायद्याने संमतीच ग्राह्य नाही. माझे म्हणणे इतकेच की वय ही बाहेरून दिसणारी खूण आहे, आणि तिच्या आत दबाव, असमान इच्छा, एकटेपणा आणि अज्ञान भरलेले असते. नुसत्या खुणेवर ओरडून आतले काही कमी होत नाही.

‘भीती घातली तर निदान मुले थांबतील तरी’ हा युक्तिवाद मी ठाण्यातल्या अनेक पालकसभांत ऐकला आहे. याची परीक्षा अमेरिकेने स्वतःच्या खर्चाने करून ठेवली आहे. ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढाच संदेश देणाऱ्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांचे मोठे मूल्यमापन तेथे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करून, एका गटाला तो कार्यक्रम दिला होता आणि दुसऱ्याला नाही. ज्यांचे संबंध आले होते त्यांचे पहिल्या वेळचे सरासरी वय कार्यक्रमातील मुलांत १४.९ वर्षे आणि बाहेरच्या मुलांतही १४.९ वर्षेच निघाले. दुसऱ्या बाजूला, माहिती दिल्याने मुले लवकर वाहवतात ही भीतीही खरी ठरलेली नाही. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २००९ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट नोंदवले आहे.

पण लैंगिक शिक्षणाच्या बाजूच्या लोकांनीही फार फुशारकी मारू नये, आणि त्यांत मी स्वतःलाही धरते. स्कॉटलंडमध्येच २५ शाळांत एक काटेकोर प्रयोग झाला. काही शाळांतील शिक्षकांना खास प्रशिक्षण देऊन वीस तासिकांचा चांगला अभ्यासक्रम शिकवला गेला, बाकीच्या शाळांत नेहमीचाच चालू राहिला. सोळाव्या वर्षापर्यंत संबंध येण्याच्या प्रमाणात किंवा धोका पत्करण्यात फरक पडला नाही. पुढे विसाव्या वर्षापर्यंतच्या गर्भधारणा आणि गर्भपात यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तेथेही फरक दिसला नाही. मुलांचे ज्ञान वाढले होते. आणि आणखी एक गोष्ट बदलली होती, ती म्हणजे पस्तावा कमी झाला होता. पुष्कळांनी हा प्रयोग फसला असे म्हटले. मला तसे वाटत नाही. वर्गातल्या काही तासिका गरिबी, दारू आणि वस्तीचे वातावरण बदलू शकत नाहीत. पण नात्यात बोलायचे कसे, नकार द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा, हे काही प्रमाणात शिकवू शकतात, आणि पस्तावा तेवढ्यापुरता हलका होतो. कार्यक्रमाकडून अपेक्षा ठेवायची तर तेवढी ठेवावी.

आता खाडीच्या या बाजूला येऊ. किशोरवयीन आणि तरुणांच्या लैंगिक वर्तनाचा आपल्याकडचा एक मोठा अभ्यास २००६ ते २००८ या काळात सहा राज्यांत झाला, आणि त्यात महाराष्ट्र होता. तो करणाऱ्या दोन संस्थांपैकी एक, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, वाशीचा खाडीपूल ओलांडल्यावर देवनारला आहे. त्यात समोरासमोरच्या मुलाखतीच्या शेवटी प्रत्येकाला एक कागद आणि पाकीट दिले जाई; लग्नापूर्वी संबंध आला का, याचे उत्तर लिहून पाकीट बंद करून द्यायचे, मुलाखत घेणाऱ्यालाही ते दिसणार नाही. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी पाकिटात ‘हो’ लिहिले. एवढे करूनही पंधरा ते चोवीस वयोगटातील सुमारे १५ टक्के तरुणांनी आणि ४ टक्के तरुणींनी होकार दिला. तरुणींचा आकडा प्रत्यक्षाहून कमी असणार हे उघड आहे, आणि तेव्हाच्या मुलांच्या हातात आजचा मोबाइल नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

मात्र आपल्याकडच्या या चर्चेत एक मुलगी वगळली जाते. ती शहरातली, कॉलेजच्या कट्ट्यावरची नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. आपल्या ठाणे जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूरही आहेत. तेथील पाड्यांवरून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांत सोळाव्या वर्षी संसाराला लागलेल्या मुली मी दरवर्षी पाहते. कमी वयातला पहिला संबंध आपल्याकडे मोठ्या प्रमाणात लग्नाच्या आत घडतो. तिला कोणी विचारते का, की बाई, तुला घाई झाली असे वाटते का? कुटुंब पाहणीत पहिल्या संबंधाचे वय विचारतात. तो तिला हवा होता का, याची चर्चा मात्र मला होताना दिसत नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला नकार दिला, आणि १८८४ साली त्यांच्यावर मुंबईत खटला भरला गेला. ‘मला हे नको आहे’ असे एका मुलीने न्यायालयात सांगण्याचा तो प्रसंग होता. पुढे १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपण शाळेत शिकलो. त्याच रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. पस्ताव्यावरची व्याख्याने शाळेतल्या मुलींसाठी होतात, मांडवातल्या मुलींसाठी होत नाहीत, हे मला नेहमी खटकत आले आहे.

कायद्याविषयी थोडक्यात, कारण तुमच्या मुलालाही ते माहीत असायला हवे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, म्हणजे पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठराच्या आतील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक आहे. तिची संमती कायद्याच्या दृष्टीने संमती नाही. अशा अपराधाची माहिती असलेल्या कोणीही, डॉक्टरनेसुद्धा, पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवल्यास शिक्षा आहे. कायदा आवश्यक आहे आणि त्याने अनेक मुलांना वाचवले आहे. पण त्याची एक सावलीही आहे. महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगाल येथील २०१६ ते २०२० मधील ७,०६४ निकालांच्या अभ्यासात सुमारे चोवीस टक्के प्रकरणे प्रेमसंबंधांची आढळली. विधी आयोगाने २०२३ मध्ये संमतीचे वय अठराच ठेवावे, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील परस्परसहमतीच्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला विवेकाधिकार असावा, अशी शिफारस केली. आमच्या ओपीडीत त्या सावलीचा परिणाम असा दिसतो की, पाळी चुकलेली सोळा वर्षांची मुलगी महिनाभरात येण्याऐवजी चौथ्या-पाचव्या महिन्यात येते, आणि तोवर औषधाच्या दुकानातून कोणीतरी आणून दिलेल्या गोळ्या घेऊन झालेल्या असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. तो किती पालकांना ठाऊक आहे, हे मी सभांत हात वर करायला सांगून पाहते. हात फार वर येत नाहीत.

मुलीशी काय बोलावे, या प्रश्नाकडे वळण्याआधी मुले काय विचारतात ते सांगते. सत्राआधी आम्ही वर्गात एक पेटी ठेवतो आणि निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगतो. मोठ्यांना वाटते की त्यात भलभलते निघेल. निघते ते वेगळेच. कोपरखैरण्यातील एका शाळेत निघालेल्या दोन चिठ्ठ्या मी अजून विसरलेले नाही. एक होती : ‘प्रेम असेल तर फोटो पाठव म्हणतो. नाही पाठवला तर रागावतो. त्याला न दुखवता काय सांगू?’ दुसरी उघडच मुलाच्या अक्षरातली : ‘सगळे मित्र सांगतात की त्यांचे झाले आहे. मी एकटाच मागे आहे का?’ पहिल्या चिठ्ठीत आपण वर पाहिलेला दबाव आहे, फक्त तो मोबाइलवरून आलेला आहे. दुसरीला उत्तर म्हणून मी फळ्यावर स्कॉटलंडचाच आकडा लिहिला : तिथे शंभरातील ब्याऐंशी मुलांनी आपले काहीच झालेले नाही असे सांगितले. वर्गात हशा पिकला, आणि मला वाटते, तीन-चार मुलांनी सुटकेचा निःश्वासही टाकला असावा.

तेव्हा मुलीला ‘तुझे काही आहे का’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर मिळते आणि पुढचे दार बंद होते. समोर बसवून गंभीर चर्चा करण्यापेक्षा स्कूटरवर, भाजी निवडताना किंवा तलावपाळीला फेरी मारताना बोलणे सोपे जाते. नजरेला नजर द्यावी लागत नाही. एक गोष्ट मात्र निःसंदिग्ध शब्दांत सांगा : ‘कुठेही असलीस, कोणाबरोबरही असलीस, आणि तिथे नकोसे वाटू लागले, तर फोन कर. येऊर असो की उपवन, मी घ्यायला येईन. आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.’ हे वाक्य उच्चारून नंतर मोडले, तर न उच्चारलेले बरे. शरीराविषयीच्या माहितीचा भाग आईने, मावशीने किंवा शाळेच्या समुपदेशकाने सांगितला तरी चालेल. तुम्हाला स्वतःला संकोच वाटत असेल तर तोही सांगून टाका. मुलांना वडिलांचा संकोच समजतो, खोटेपणा खपत नाही.

आणि आता मुलगा. तुम्ही मुलीला सांभाळण्याचा विचार करता आहात, आणि मुलगा आपोआप सांभाळला जाईल असे धरून चालला आहात. स्कॉटलंडच्या ज्या मुलींनी दबाव आल्याचे सांगितले, तो दबाव आणणारे कोणाच्या तरी घरातले मुलगेच होते, आणि त्यांतील बहुतेकांना आपण दबाव आणतो आहोत हे कळतही नसावे. ‘ती गप्प राहिली म्हणजे तयार होती’ असे मला समुपदेशनात मुलांनी सांगितले आहे, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बेरकीपणा नव्हता, खरोखरचा गोंधळ होता. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, एकदा विचारून नकार आला की पुन्हा विचारायचे नाही, रुसवा धरून होकार काढायचा नाही, कोणाचा फोटो मागायचा नाही आणि आलेला पुढे पाठवायचा नाही, हे त्याला त्याच्या वडिलांनी सांगायला हवे. कायद्याचा भाग त्यातच सांगून होईल. त्याच्यावरही मित्रांचा दबाव असेल, आणि त्याला ‘मला एवढ्यात नको’ म्हणण्यासाठी घरातून पाठबळ हवे असेल, हा विचार कधी तुमच्या मनात आला होता का?

मदतीच्या जागा दोघांनाही सांगून ठेवा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ पासून सुरू आहे आणि दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचे दवाखाने चालतात. आपल्या राज्यात ते ‘मैत्री’ या नावाने ओळखले जातात. अडचणीतल्या बालकांसाठी १०९८, आणि मनावर ताण असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फ्रिजवर चिकटवा, सगळ्यांसाठीच लावला आहे असे वाटले की पाहणाऱ्याला संकोच वाटत नाही.

राहिला अर्ज. त्यावर सही करू नये असे माझे मत आहे. २००७ मध्ये आपल्या राज्याने किशोरवयीन शिक्षणाच्या शालेय कार्यक्रमावर बंदी घातली होती. त्यानंतरची वर्षे मी वर्गांत काढली आहेत आणि त्या काळात मुले अधिक निरागस झाल्याचे मला काही दिसले नाही, ती फक्त दुसऱ्या ठिकाणाहून शिकली. पण तुमच्या शेजाऱ्यांची काळजी खोटी नाही, म्हणून नुसता नकार देऊन येऊ नका. दुसरा अर्ज लिहा. सत्रात काय शिकवणार ते पालकांना आधी दाखवावे, ते घेणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी, वर्गात चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी, नंतर आठवडाभर समुपदेशक शाळेत उपलब्ध असावा, अशा मागण्या त्यात करता येतील. आणि तुमच्या पत्रावरून दिसते की मागचे व्याख्यान फक्त मुलींसाठी होते आणि त्या वेळी मुलांना मैदानावर सोडले होते. या वेळी त्यांनाही वर्गात बसवावे, ही ओळ अर्जात सर्वांत वर घाला.